ओझेलाने दिलेली ओळ

लेम्युएल स्पाइट बायकोला घाबरतो, असं आमच्या अल्डर्टनमध्ये सगळे म्हणायचे. म्हणोत बापडे! घाबरायचा तो तिच्यासाठी. पण एवढं बारीक बघायला गावाला वेळ कुठे होता?

ओझेला होतीच तशी. उंच, हाडापेराने मोठी, रविवारी चर्चमध्ये डोक्यावर अशी टोपी की मागच्या बाकावरच्यांना पाळक दिसू नये. कुणी "सिस्टर ओझेला, जरा टोपी काढता का?" म्हटलं, तर म्हणायची, "देवाला दिसतेय ना मी? मग झालं." आणि आवाज! ती नुसती खाकरली तरी पुढच्या बाकावर पेंगणारे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, ताठ बसायचे. साधेपणा, विनय वगैरे गुण तिच्या वाट्याला आलेच नव्हते. आपल्यासारखं गाणं या जिल्ह्यात कुणी म्हणत नाही, हे ती स्वतःच सांगत फिरायची. वाईट एवढंच, की ते खरं होतं.

लेम्युएलचं स्टेशनजवळ केशकर्तनालय होतं. गिऱ्हाईक सगळं गोरं. बँकेचा मॅनेजर, जज, खुद्द शेरीफ, सगळ्यांच्या गळ्यावरून लेम्युएलचा वस्तरा फिरायचा. आपल्या काळ्या माणसांचे केस तो घरी, मागच्या पडवीत कापायचा. दुकानात त्या खुर्चीवर त्याचा सख्खा भाऊसुद्धा कधी बसला नव्हता. तो मूग गिळून बसायला शिकला होता, आणि बायको नेमकी अशी की तिच्या तोंडात काहीच राहत नसे.

आमच्या माउंट निबो चर्चमध्ये गाण्याची एक जुनी रीत आहे. पूर्वी पुस्तकं नव्हती, असती तरी वाचणार कोण? मग एकाने उभं राहून ओळ द्यायची, सरळ, बोलल्यासारखी. ती संपते न संपते तोच बाकीच्यांनी ती उचलायची आणि सावकाश, वळणं घेत घेत, घर हलेल अशी गायची. मग पुढची ओळ. पुढे पुस्तकं आली, वाचता येऊ लागलं, पण सवय गेली नाही. ओळ कानावर पडली की आमचं तोंड आपोआप उघडतं. त्याला विचार करावा लागत नाही. ओळ द्यायचा मान ओझेलाकडे होता, आणि तिच्याकडून तो काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती.

ती तंबाखूच्या कारखान्यात होती. पानाची मधली शीर ओढून काढायची आणि पान दोन्ही बाजूंना अखंड ठेवायचं, हे काम. लांबच लांब टेबलं, दोन्ही अंगांना बायका, खिडक्या बंद, कारण वारा लागला की पान वाळून तडकतं. धुळीने नाक, घसा, छाती सगळं भरून जायचं. बोलायला बंदी होती. गायला मात्र परवानगी होती, कारण गाताना हात भराभर चालतात हे मुकादमाने हेरलं होतं. काचेच्या खोलीत बसून तो म्हणायचा, "आज चर्च चांगलं चाललंय हं!"

ओझेला ओळ द्यायची, "प्रभू, आम्हाला वारा पाठव." पाठोपाठ सगळं दालन गायचं, "प्रभू, आम्हाला वारा पाठव." मग ओझेला म्हणायची, "प्रभू, उत्तरेच्या भिंतीला पंखा पाठव." बायका तेही गायच्या. "प्रभू, बुधवारी प्रार्थनेनंतर तळघरात सगळ्यांना पाठव." काचेआड मुकादम पायाने ठेका धरायचा! त्या बावळटाला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच परवानगीने युनियन बांधली जात होती. प्रत्येक टेबलाची एक म्होरकी ठरली. कुणाचं मूल आजारी आहे, कुणाचा नवरा भित्रा आहे, कुणाला आधी समजवायचं आणि कुणाला सगळ्यात शेवटी, हे त्या म्होरकीने बघायचं.

महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या साली लेम्युएल एकदा दुपारी तिचा डबा घेऊन कारखान्याच्या दाराशी उभा होता. बिस्किटं, खारवलेलं डुकराचं मांस आणि उकडलेली पालेभाजी. आतून गाणं ऐकू येत होतं. मग ओझेलाचा एकटीचा आवाज आला, "प्रभू, आता हे हात थांबव." ही ओळ कुणी उचलली नाही. गाणं थांबलं, आणि त्यासोबत टेबलांवरची ती अखंड सळसळही थांबली. इतक्या बायका आत असताना इतकी शांतता! आत मुकादम "काय झालं? काय झालं?" करत धावत होता, आणि बायका हाताची घडी घालून बसल्या होत्या. डबा हातात तसाच धरून लेम्युएल मनात म्हणाला, अरे देवा, ही माझ्या घरात झोपते!

पंखे आले. बसायला स्टुलं आली. पाच-सहा वर्षं युनियनचा फलक मेन स्ट्रीटच्या मागे दिमाखात लटकत होता. मग कंपनीने शीर काढायची यंत्रं आणली, निम्म्या बायकांना घरी बसवलं आणि युनियन मोडली. फलक उतरला, युनियनच्या हॉलमध्ये गाद्यांचं दुकान आलं. पण टेबलं मोडली तरी टेबलाच्या म्होरक्या थोड्याच मोडतात? ड्रुसिला विन्स तिसऱ्या टेबलाची होती. ती नंतर गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करू लागली, तरी तिसऱ्या टेबलाच्या बायकांची खबरबात तिच्याचकडे असायची. कुणी मेलं, बाळंत झालं, घरातून हाकललं गेलं की तिसरं टेबल दारात हजर.

त्रेसष्ट साली रेव्हरंड अल्फियस गेन्स आमच्या चर्चमध्ये आले. तरुण, देखणे, बोलायला लागले की दगडाला पाझर फुटावा. मतदार म्हणून नाव नोंदवा, असं त्यांनी रविवारी सांगितलं आणि सगळं चर्च रडलं. शनिवारी कोर्टात नोंदणीला गेले ते रेव्हरंड आणि त्यांची बायको. बाकी कुणी फिरकलं नाही.

रेव्हरंड लेम्युएलच्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसले. "सिस्टर, लोक रडले हो! मी पाहिलं."

"रडवणं वेगळं आणि चालवणं वेगळं, रेव्हरंड," ओझेला कॉफी ओतत म्हणाली. "तुम्ही झकास रडवता, त्यात वादच नाही. आता चालवायचं माझ्यावर सोडा."

रेव्हरंडना राग नाही आला. मोठ्या मनाचे होते. ते हसून म्हणाले, "मग चालवा."

झालं! जुनी टेबलं पुन्हा हलली. पुढच्या महिन्यात कोर्टासमोर अशी रांग लागली की गोऱ्यांनी दुकानांच्या दारांत उभं राहून पाहिलं. पेपरात फोटो रेव्हरंडचा आला, बातमीत नाव रेव्हरंडचं आलं. ओझेलाने तो पेपर ओट्यावर आपटला. "माझी टोपी तरी दिसायला हवी होती रे!" ती लेम्युएलला म्हणाली, आणि दिवसभर धुसफुसत राहिली.

पण जजसाहेब पेपरवाल्यांपेक्षा हुशार. कोण चालवतंय ते त्यांनी बरोबर ओळखलं. हुकूम निघाला. त्यात ओझेला स्पाइटचं नाव घालून बजावलं होतं, की हिने कुठल्याही जमावापुढे भाषण करायचं नाही, त्यांना चिथवायचं नाही, गाऊन पुढारपण करायचं नाही. केलं तर थेट तुरुंग. हा हुकूम जजसाहेबांनी लेम्युएलच्याच खुर्चीत, तोंडाला फेस लावून बसलेले असताना, शेरीफला समजावून सांगितला. लेम्युएलने ऐकत ऐकत दाढी पुरी केली आणि पैसे मोजून घेतले.

आणि तिची छाती? इतक्या वर्षांची तंबाखूची धूळ आत साचली होती. रात्री खोकली की शेजारच्या घरात दिवा लागायचा. डॉक्टरांनी लेम्युएलला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला गारठा सोसणार नाही." तो तुरुंग नदीकाठी, तळमजल्याला, भिंतींना बारा महिने ओल. लेम्युएलचं धाबं दणाणलं.

"नोंदणीला तू जाऊच नकोस," तो म्हणाला.

"बाकीच्यांना पाठवू आणि मी घरात बसू?"

"मग जा. पण लोकांपुढे तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. तो कारकून टिलरी विचारेल तेवढ्याला उत्तर. वचन दे मला."

"अरे, मी आणि गप्प?"

"ओझेला, तू तुरुंगात गेलीस तर जिवंत परत येणार नाहीस. मला दुसरं कोण आहे सांग?"

त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं. दिलं वचन."

नोंदणीच्या शनिवारी लेम्युएलने दुकान बंद ठेवलं, तिच्यावर लक्ष ठेवायला. टेबलांप्रमाणे बायका उभ्या राहिल्या. रांग कोर्टाच्या जिन्यावरून खाली, पायऱ्या उतरून पार रस्त्यापर्यंत गेली. ओझेला सगळ्यात पुढे, आणि तोंडाला कुलूप!

"अगं बाई, आज सूर्य कुठे उगवलाय?" ड्रुसिला मागून म्हणाली. "लेम्युएल, हिला काय खायला घातलंस? आम्हालाही दे, माझ्या सासूला देते."

बायका खिदळल्या. ओझेलाने वळून फक्त डोळे वटारले.

नोंदणीचा कारकून टिलरी, तोंडाने गोड आणि पोटात विष. त्याची युक्ती साधी होती. राज्याच्या घटनेतला एक उतारा समोर ठेवायचा, वाच म्हणायचं, आणि माणूस वाचायला लागला की कानामागे हात धरायचा. "ऐकू नाही आलं." पुन्हा वाचलं की पुन्हा तेच. शेवटी म्हणायचा, "हिला वाचता येत नाही. पुढची." बिचाऱ्या मास्तरीण बाईंना, ज्यांनी अर्ध्या गावाला अक्षरं शिकवली, त्यांनाही त्याने मागच्या रांगेतून, बाकी सगळ्यांसारखं, असंच परत पाठवलं होतं.

त्याने पुस्तक ओझेलापुढे सरकवलं. शेरीफ खिडकीशी टेकून उभा होता. लेम्युएल दाराच्या चौकटीत, आणि त्याच्या मागे जिना भरून बायका.

ओझेलाने हळू आवाजात वाचलं. स्वच्छ वाचलं, एक शब्द अडखळला नाही.

टिलरीने कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं, ओझेला."

तिने जरा मोठ्याने वाचलं.

"छे. एवढा आवाज तुझा गाजलेला, कुठे गेला? ऐकू नाही आलं तर नापास करावं लागेल हं मला."

तिने मान वळवून लेम्युएलकडे पाहिलं. ते पाहणं त्याला पुढे मरेपर्यंत आठवत राहिलं. ती परवानगी मागत होती! जन्मात जिने कंपनीची मागितली नाही, जजची मागितली नाही, ती त्या भित्र्या न्हाव्याकडे बघत होती, कारण शब्द त्याला दिला होता. लेम्युएलला सगळं दिसत होतं. हळू वाचलं तर नापास. मोठ्याने वाचलं तर मागे जमाव आहे आणि खिडकीशी शेरीफ आहे. तुरुंगाची ती ओली भिंत त्याच्या डोळ्यांपुढे आली. आणि तरी तिला असं दबक्या आवाजात, टिलरीसारख्या माणसापुढे, मान खाली घालून वाचताना पाहणं त्याच्याने होईना.

"वाच, ओझेला," तो म्हणाला. "तुझ्या आवाजात वाच."

तिने एक लांब श्वास घेतला, त्या खराब छातीत मावेल तेवढा, आणि पहिली ओळ वाचली. "सगळी सत्ता लोकांची आहे, आणि लोकांपासूनच ती येते."

टिलरीची शाईची दौत हलली म्हणतात. ते मी सोडून देतो. पण पुढे जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगेन. त्या आवाजात ओळ आली होती. सरळ, बोलल्यासारखी, शेवटी जराशी थांबलेली. आणि जिन्यावरच्या बायकांनी ती उचलली! चूकच ती. कोर्टात कुणी गातं का? पण जन्मभर त्या आवाजाने ओळ दिली की तोंड उघडायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. "सगळी सत्ता लोकांची आहे," जिना म्हणाला. सावकाश, वळणं घेत. ते खाली पायऱ्यांवर गेलं, रस्त्यावरच्या रांगेत गेलं, आणि ज्या बायकांना पुस्तकच काय, खोलीसुद्धा दिसत नव्हती त्यांनी ते जसंच्या तसं उचललं.

ओझेला दचकली. थांबावं की नाही, असं क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिने दुसरी ओळ दिली. "लोकांच्या इच्छेने राज्य उभं राहतं, लोकांच्या भल्यासाठीच ते चालतं."

पुन्हा जिना. पुन्हा रस्ता. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. टिलरी कानांवर हात ठेवून उभा राहिला. आता ऐकू येत होतं त्याला! रेव्हरंड खाली रांगेत उभे होते, ते टोपी काढून छातीशी धरून रडत होते. आणि लेम्युएलच्या लक्षात आलं, की मघापासून आपलंही तोंड उघडं आहे. आपणही गातोय. शेरीफसमोर, उघड, घसा फोडून. भीती कुठे गेली होती कुणास ठाऊक. इतकं मोठं काहीतरी आपल्या आतून जातंय आणि आपण फुटत नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

उतारा पुरा व्हायच्या आत शेरीफने ओझेलाचा दंड धरला. जमावापुढे पुढारपण केलं, हुकूम मोडला. टिलरीने पुस्तक मिटलं. "परीक्षा अपुरी," तो म्हणाला. तिचं नाव लिहिलं गेलं नाही.

सगळा हिवाळा ती नदीकाठच्या तुरुंगात होती. लेम्युएल दर भेटीला ब्लँकेट न्यायचा. शिपाई ते स्वतःकडेच ठेवायचे. "मी वाच म्हणालो," तो गज धरून म्हणायचा, "माझ्या तोंडाला आग लागो." त्यावर ती खोकत खोकत म्हणायची, "गप रे! तुझ्या तोंडातून जन्मात एक चांगलं वाक्य निघालं, त्याला आता शिव्या देतोस?"

इकडे टिलरीची मोठी पंचाईत झाली. आळशी माणूस! पुस्तकात खूण एकाच पानावर ठेवलेली, उतारा तोच. आणि आता तो उतारा सगळ्या गावाला पाठ. राहिलेल्या ओळींचा आणि लिहायचा सराव, कारण परीक्षेत लिहूनही दाखवावं लागे, रेव्हरंडनी चर्चच्या तळघरात करून घेतला. एकेक बाई यायची, पुस्तकाकडे बघायची आणि ठणठणीत आवाजात पाणी वाहावं तसा उतारा म्हणून दाखवायची. कानामागे हात धरायची टिलरीला धास्तीच बसली होती. दुसरं पान काढायची अक्कल त्याला आली तोपर्यंत तिसरं टेबल, चौथं, पाचवं, सगळी आत गेली होती. लेम्युएलही गेला.

त्याच आठवड्यात त्याची गोरी गिऱ्हाइकं तुटली. एकही आलं नाही. चार दिवस तो रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहिला, मग पाचव्या दिवशी त्याने भावाला हाक मारून तिथे बसवलं आणि त्याच्या मानेवर गरम टॉवेल ठेवला. हे त्याने ओझेलाला तुरुंगात सांगितलं, तेव्हा तिने गजांतून हात काढून त्याचा गाल थोपटला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

ती वसंतात सुटली, वाळून काडी झालेली. नोंदणीला गेली तर टिलरी म्हणाला, "तुझा खटला अजून वरच्या कोर्टात पडून आहे, निकाल लागेपर्यंत परीक्षा घेता येत नाही." निकाल लागलाच नाही. वाचायला लावायचा तो जाच कायद्याने बंद झाला पासष्टच्या उन्हाळ्यात, पण त्याच साली मार्चमध्ये ओझेला वारली होती. आता त्या रस्त्याला रेव्हरंड गेन्स यांचं नाव आहे. माणूस चांगलाच होता, नाव शोभतं. तरी तिथून जाताना माझं डोकं फिरतं ते फिरतंच.

पण चौसष्टच्या निवडणुकीच्या दिवशी ती होती. सगळ्यात मोठी टोपी घालून, मतदान होतं त्या शाळेच्या फाटकापाशी बाकावर बसली होती, आणि एकेक टेबल आत जाऊन बाहेर येत होतं. "कोट नीट घाल गं. अंत्यविधीला निघालीस का?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणं चालूच होतं. लेम्युएलची पाळी आली तसा तो अडखळला.

"तू नाहीस आत," तो म्हणाला, "मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने जा. दाढी केलीयस ना? जा लवकर, माझी पाठ दुखतेय."

तो आत गेला. पडद्यामागे कागद होता आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. फुली मारली, कागद दुमडला, पेटीत टाकला. झालं. बाहेर येऊन तो तिच्या शेजारी बसला. मत कुणाला दिलंस, असं तिने विचारलं नाही. त्या बाबतीत ती पक्की होती.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"एवढंसंच असतं गं ते," लेम्युएल म्हणाला. "एवढीशी फुली. मला वाटलं होतं, जड काहीतरी असेल."

तिने हातमोजा काढला आणि तळवा त्याच्यापुढे धरला. तंबाखूने तो कायमचा तपकिरी झाला होता.

"मला दाखव," ती म्हणाली. "कशी मारलीस ते."

लेम्युएलने तिचा हात मांडीवर घेतला आणि बोटाने तळव्यावर एक रेघ ओढली, मग तिच्यावरून दुसरी. ओझेलाने मूठ मिटली. बराच वेळ ती उघडली नाही.